बारीक कट

रवि., ११ जाने.
आज पन्नास रन झाले. या ग्राउंडवर पहिल्यांदाच. खूश व्हायला हवं होतं.

चेंडू ऑफच्या बाहेरचा. उगाच बॅट घातली, कडेला लागला. टक्. अगदी बारीक. मागे सावंतांनी झेल घेतला आणि एकट्यांनीच अपील केलं. बोलर मेहतालासुद्धा कळलं नव्हतं. आमच्याकडे अंपायर बॅटिंग टीमचाच, म्हणून रनआऊट, स्टंपिंगवरून दर रविवारी भांडणं. फक्त बारीक कटवर कधीच नाही. तिथे बॅट्समनला विचारायचं, तो म्हणेल ते फायनल. नियम मीच घातलेला.

"गायकवाड, लागला काय?" सावंतांनी विचारलं.
सेहेचाळीसवर होतो. "नाही हो, सावंतसाहेब."
मेहता म्हणाला, "साहब, मशीन का आवाज थोडा कम करो." सगळे हसले. मीपण.

सावंतांनी कानाचं मशीन याच आठवड्यात लावलंय. रिटायर झाल्यापासून कान गेलेत, तरी कीपिंग सोडलं नाही. सकाळीच मला म्हणाले होते, "गायकवाड, आज चेंडूचा टप्पा ऐकू येतोय रे."

सोम., १२ जाने.
हाटकेशला माझ्या गाळ्यावर एक पंप रिपेरिंगला आला, घरघर करणारा. मिस्त्री म्हणाला, "सेठ, आप सुनके बताओ." ऐकलं. मागचं बेअरिंग. खोललं तर तेच निघालं. हेल्पर होतो तेव्हापासून याच कानांवर खातोय. मिस्त्री गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत होता, सेठ के कान कभी झूठ नहीं बोलते.
कान नाही बोलत.

शुक्र., १६ जाने.
सुनंदाला केबिन रोडवर सावंतवहिनी भेटल्या. सावंतांनी मशीन कपाटात ठेवलंय म्हणे. "नको ते आवाज ऐकवतं, चारचौघांत हसं होतं" म्हणतात. नातीशी फोनवर बोलायला लागले होते, तिचा आवाज कळायला लागला होता. आता फोन वाजला की वहिनींच्या हातात देतात आणि टीव्हीसमोर जाऊन बसतात.
सुनंदा म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचं ऐकतात." मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. नव्हतं कमी.

रवि., १८ जाने.
पन्नास करणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची, ही पद्धत. खिलवली. सावंत आले नाहीत. कीपिंगला मेहताचा भाऊ, अर्धे चेंडू मागे सोडतो. कुणीतरी म्हणालं, काका रुसले वाटतं. "रुसले नसतील, थकले असतील," मी बोललो. लगेच बोललो.

मंगळ., २० जाने.
पूनम सागरला सावंतांच्या घरी जाऊन आलो. ठरवूनच गेलो होतो. वहिनी आत चहा टाकायला गेल्या तेव्हा म्हणालो, "सावंतसाहेब, त्या दिवशी कट लागला होता. तुम्ही बरोबर ऐकलंत."
सावंत हसले. "हो, हो. बिस्किट घे."
ऐकू गेलंच नव्हतं. मशीन कपाटात. मला माहीत होतं कपाटात आहे, तरी हळूच बोललो, आत वहिनींना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू. दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. बिस्किट घेतलं. जिना उतरताना हलकं वाटलं, सांगून टाकल्यासारखं. गेटपाशी येईपर्यंत स्वतःची लाज वाटायला लागली. ही दुसरी लबाडी, पहिलीपेक्षा

शनि., २४ जाने.
वहिनींना फोन केला. "उद्या पाठवा त्यांना. कीपर नाही आमच्याकडे. आणि मशीन घालून पाठवा." वहिनी म्हणाल्या, "येतील, भावजी. मशीनचं मात्र मी काही सांगत नाही, चिडतात."

रवि., २५ जाने.
ग्राउंडवर. मोबाइलवर लिहितोय, घरी जाऊन वहीत उतरवीन.
सावंत आलेत. स्टंपमागे उभे राहून ग्लोव्ह्ज घालतायत. माझ्याकडे बघून हात केला. टोपी पार कानांवर ओढलीय, मशीन आहे का नाही इथून दिसत नाही. टॉसला सगळे जमतायत, मेहता हाका मारतोय.
मशीन नसेल तर ओरडून सांगावं लागेल. सगळ्यांना ऐकू जाईल.
असलं तरी तसंच सांगायचं, सगळ्यांसमोर.