डाव्या डोळ्याला फिका लाल

४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं, म्हणून लिहितेय. अण्णांना यातलं काही सांगू नकोस.

गेल्या सोमवारी गॅरेजमध्ये एका लाल गाडीच्या दारासाठी रंग जुळवत होते. अकरा वर्षं हेच करतेय, पण त्या दिवशी जुळेचना. मालकांनी विचारलं, हा लाल आहे की वीट? मी वाद घातला. मग घाम पुसताना उजवा डोळा झाकला गेला आणि ते दार धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं दिसलं. डावा झाकला, तर लालभडक! डावा डोळा फिरवला की मागून ठणका मारत होताच. बुधवारपर्यंत मधोमध धुरकट डाग आला. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाकतोंड गायब.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागची नस सुजलीय. बऱ्याचदा बरी होते. पण कधी कधी ही मल्टिपल स्क्लेरोसिसची पहिली खूण असते. त्यात आपलंच शरीर मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडतं. त्यापुढचं मला ऐकूच आलं नाही. शुक्रवारी मेंदूचा एमआरआय आहे.

ताई, मला फार भीती वाटतेय. नेहमीची माया असू दे, या खेपेला जरा जास्तच.

तुझी ठकी


८ फेब्रुवारी

चि. ठकीस अ. उ. आ.

पत्र वाचून हातपाय गळाले. त्यातला एक पाय तर आधीच प्लास्टरमध्ये. माळ्यावरून पडायला मला हाच महिना सापडला, नाहीतर आत्ता तुझ्या दारात असते.

अण्णांना मी सांगितलं नाही, पण पत्र दारातून त्यांनीच आणलं. पाकिटावरचा पत्ता घसरत खाली गेलेला बघून विचारलं, की ठकीचं काय बिनसलंय. मी म्हटलं, घाईत लिहिला असेल. मला खोटं किती बोलता येतं ते तुला ठाऊक आहे. ते आत गेले आणि दहा मिनिटांत बॅग भरून बाहेर आले. उद्या दुपारी पोचतील. चिडू नकोस.

इंटरनेटवर काही वाचू नकोस असं बजावणार होते, पण मीच तीन तास वाचत बसले. एवढंच कळलं, की दोन माणसांचं सारखं नसतं. वेळेवर जेव. सुई टोचताना तिकडे बघू नकोस, लहानपणीसारखी धाडकन पडशील.

उत्तराची वाट बघत, एका पायावर उभी,

ताई


१५ फेब्रुवारी

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

ठकीला तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. ठणका थांबला. झोप मात्र नाही आणि सारखी माझ्यावर खेकसते. इथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाने होतं तसं. मी म्हटलं, ही औषधाआधीही अशीच होती. तेव्हा आठवड्यात पहिल्यांदा ठकी हसली.

एमआरआयचा रिपोर्ट आला. मेंदूत दोन पांढरे ठिपके आहेत. बाईंनी समजावलं, तारेवरचं रबर झिजावं तसं. पस्तीस वर्षं वायरमन होतो, त्यामुळे मला नको इतकं नीट समजलं. मी विचारलं, तो आजार आहे की नाही, एकदाचं सांगा. त्या म्हणाल्या, आज दोन्ही सांगता येत नाही, मणक्यातलं पाणी तपासायला हवं.

ठकी नको म्हणाली, न कळलेलंच बरं म्हणाली. काल मी आवाज चढवला. तेव्हा तिने विचारलं, की उद्या मी अंथरुणाला खिळले तर तुम्ही किती वर्षं पुरणार? ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. मी पाठीवर हात ठेवून बसून होतो. सकाळी उठून म्हणाली, चला, करून टाकू.

पायावर भार देऊ नकोस. तुझाही घोर आहेच.

अण्णा


२१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाण्यात काही सापडलं नाही. मी उड्याच मारणार होते, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही चांगली गोष्ट आहे, तरी ठिपके आहेत म्हणून फाइल बंद करत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. तोवर मी काय करू, असं विचारलं. त्या म्हणाल्या, काम करा, आणि नवीन काही जाणवून दिवसभर टिकलं तर लगेच या.

माणसं आता अख्खी दिसतात, रंग अजून थोडे मळकट. मालकांना सगळं खरं सांगितलं. म्हणाले, अवघड रंग दुसऱ्याला दाखवून घे, जागा तुझीच आहे. अण्णांनी घरातली सगळी बटणं बदललीत. आता शेजाऱ्यांची बदलतायत.

काल उकिडवी बसून गाडीचा खालचा पत्रा घासत होते. उठले तर डाव्या पायाला मुंग्या. आजवर हजारदा आल्या असतील. काल मात्र तोंड कोरडं पडलं. भिंत धरून उभी राहिले आणि आकडे मोजत गेले. साठाला अंगठा हलला, नव्वदला मुंग्या गेल्या. आजूबाजूला कुणी बघितलं नव्हतं. डोळे पुसले, पुन्हा उकिडवी बसले आणि उरलेला पत्रा घासून पुरा केला.

उत्तर लांबलचक लिही.

तुझी ठकी