जखम कोरडी पाहिजे

३ जानेवारी, परतवाडा
बाबांच्या अंगठ्याखाली जखम. शुगर आहे. चप्पल चावली असणार, त्यांना कळलंच नाही. क्लिनिकच्या माया सिस्टरनी फोमचे पॅड दिले. म्हणाल्या, जखमेत ओल राहू द्या, पाय टेकवू नका. ओल! इतकी वर्षं कृषी केंद्र चालवतोय, ओलीनं काय काय सडतं ते मला शिकवायचं? पॅड कपाटात ठेवले. ड्रेसिंग मी ठरवणार.

४ जानेवारी
माझ्या पद्धतीला आधार पक्का आहे. बगीच्यात विहिरीजवळच्या संत्र्याला डिंक्या झाला होता, बुंध्यातून डिंक गळायचा. मी साल खरवडली, पेस्ट लावली, उन्हात वाळू दिलं. ते झाड आज फळांनी वाकलंय. येईल त्याला दाखवतो. इथंही तेच तत्त्व. रोज सकाळी स्पिरिट, पावडर, कोरडी गॉज, मग गच्चीवर ऊन. एकही दिवस चुकवायचा नाही.

५ जानेवारी
दुकानात गर्दी. ड्रेसिंग उद्या.

९ जानेवारी
गॉज चिकटली होती. ओढून काढली. माझ्या बायकोनं, वर्षालीनं तोंड फिरवलं. बायकांना रक्त बघवत नाही. बाबा शांत. दुखते का विचारलं तर म्हणे, काहीच नाही, तू कर. एवढ्यात वेदना बंद! सिस्टरना कळवायला हवं.

१४ जानेवारी
संक्रांत. खपली धरली. काळी, कडक. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. मेहुण्यानं विचारलं, हे काय आहे? त्याला शेतीतलं काही कळत नाही.

२० जानेवारी
वर्षाली म्हणते, वास येऊन राहिला, बाबाले अमरावतीले न्या. मला काही येत नाही. दिवसभर कीटकनाशकांत बसून नाकाचं काम कधीच संपलंय. तरी खिडकी उघडली. बाबांना दुखत नाही तर अमरावती कशाला? बाजाराचा दिवस झाला की बघू.

२४ जानेवारी, सकाळ
बाबांना थंडी वाजून ताप. वर्षालीनं मला न विचारता गाडी बोलावली. वाटेत तिला संत्र्याचं समजावून सांगितलं. तिनं ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितली.

दुपार, अमरावती
डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला टोचलं. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, टोचा ना जी. टोचून झालं होतं. शुगरनं पाय बधिर झालाय, यांना दुखणारच नाही, असं डॉक्टर म्हणाले. खपलीखाली सगळं पोकळ. मी स्पिरिट, पावडर, ऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऑपरेशनसाठी सही मागितली.

२६ जानेवारी
अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. मला काहीच वाटत नाहीये. चहा प्यायलो, गोड होता की नव्हता सांगता येणार नाही.

बाबा म्हणाले, मले काय समजे? तू म्हणे बरं होऊन राहिलं, मी म्हटलं होत असन. मी म्हणालो, पण विहिरीजवळचं झाड तर वाचलं होतं ना. तर म्हणे, ते त्याच साली वाळलं, मीच तोडलं. तू लोकायले दाखवतं ते बाजूचं. मग सांगितलं काहून नाही, विचारलं. म्हणे, तुले लय आनंद होऊन राहिला होता.

२ फेब्रुवारी
घरी. ओल धरून ठेवणारं ड्रेसिंग. वर्षाली करते. मी टेप कापून देतो. आजची आखूड झाली. बाबा म्हणाले, पुरली, बरोबर कापली. पुरली नव्हती.