मेडशीतलं ओलं गोणपाट

मॅडम, मेडशीच्या समाजमंदिरात तुमच्या गोणपाटातलं बी का उगवलं नव्हतं, हे मला विचारायचंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि प्रश्न मला आत्ता पडतोय. मेडशीला गेलो तेव्हा तुमच्या हाताखाली नोकरीला लागून मला दोनच महिने झाले होते. सोयाबीनचं घरचं बी पेरणीआधी तपासून घ्या, हे बायांना शिकवायचा आपला कार्यक्रम. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर पेरताना विचार करायचा. तुम्ही घरून तयार करून आणलेली गुंडाळी सगळ्यांसमोर सोडता, आणि आत निम्मे दाणेही फुटलेले नाहीत. पुढे बसलेली एक म्हातारी हसत सुटते. "मॅडम, तुमचंच नाई उगवलं तं आमाले काय शिकवून राह्यल्या?" तुम्ही तिच्याहून मोठ्यानं हसता. "हेच पेरलं असतं तं बसली असती मी कपाळाले हात लावून. आजी, तुह्यं उगवते का? आण बरं, पाहू." मी लाजेनं दाराशी जाऊन उभी राहिले, या बाईंशी आपला काही संबंधच नाही अशी. पुढच्या आठवड्यात गेलो तर अकरा बाया आपापल्या गुंडाळ्या मांडीवर घेऊन बसलेल्या. म्हातारी म्हणाली, "पाह्य, ब्याऐंशी!"

आता हे कार्यक्रम मी आखते. लग्नाच्या तिथी टाळते, बायांना सवड कधी असते ते आधी विचारून घेते, मोबाईलवर फिल्म दाखवते. माझी गुंडाळी निवडक बियांची, नव्वदच्या वर कोंब ठरलेले. बाया कौतुक करतात, चहा घेतात, घरी जातात आणि तपासत कुणीच नाही. एकीला काहून नाही तपासलं म्हणून विचारलं, तर सरळ म्हणाली, "तुमचं उगवलं ना मॅडम, मंग आमचंबी उगवनच." मागच्या वर्षी तिचं अख्खं रान उगवलं नाही. मी बांधावर जाऊन उभी राहिले. तिनं मला पाणी दिलं, एका शब्दानं बोल लावला नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं, मॅडम, अजून वाटतं.

तेव्हापासून तुमची ती गुंडाळी डोक्यातून जात नाही. मुद्दाम जुनं बी घातलं होतं का? की पाणी शिंपडायला विसरलात? तुम्ही चष्मा विसरायच्या, डबा विसरायच्या, तेही शक्य आहे. मुद्दाम असेल तर परतीच्या एसटीत मला का सांगितलं नाहीत? आणि चूकच झाली असेल, तर इतक्या बायांसमोर तसं हसू कुठून आणलंत? मला या शेवटच्या प्रश्नाचंच जास्त कुतूहल आहे.

त्या दिवशीच्या अहवालात 'प्रात्यक्षिक अयशस्वी' असं मी लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलंत आणि खाली सही केलीत.

हा कागद गोणपाटाच्याच पिशवीत ठेवते. उद्या रिसोडजवळच्या एका गावात कार्यक्रम आहे, गुंडाळी तयार आहे. आत दोन वर्षांपूर्वीचं बी घातलंय. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही, आणि सकाळपासून मी आरशासमोर हसून बघतेय.