माळावरच्या त्या चार वस्तू

सांगली,
पाऊस उघडल्याचा पहिला दिवस

तीर्थस्वरूप रायगोंडामामा यांच्या चरणी भाचा अतिशय याचा साष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र.

तुमचा गुडघा आता कसा आहे? आष्ट्याच्या वैद्यांनी दिलेला लेप तुम्ही स्वतःच्या गुडघ्याला लावता की म्हशीच्या, अशी मामींनी आईजवळ शंका काढली होती, म्हणून मुद्दाम विचारतो. उसाची भरणी उरकली असेल. म्हैस बरी असेल. मामींनी पाठवलेला शेंगाचटणीचा डबा आईने माझ्यापासून लपवून ठेवला होता, तो मला सापडला आहे, हे मामींना आनंदाने कळवा आणि आईला कळवू नका. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला ‘बरं, ठेव आता’ म्हणता. पत्र मध्येच ठेवता येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते तिसऱ्या वाक्यात मावणारं नाही.

तर मामा, मी सुटलो. महिनाभर मानेवर बसलेलं एक ओझं उतरलं आणि काल रात्री मी पोटभर झोपलो. (आई म्हणते, मी रोजच पोटभर झोपतो. तिचं ऐकू नका.) ओझं कसलं ते सांगायचं तर सुरुवात तुमच्या लेकीपासून करावी लागेल. आपली ब्राह्मी अमेरिकेत कॅन्ससला गेल्यापासून तिथल्या गावच्या रेडिओवर गवताच्या बातम्या देते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही पाहुण्यांना ‘पोरगी रेडिओवर असते’ एवढंच सांगता आणि गवताचा भाग गिळता, हेही मला ठाऊक आहे. तिकडे म्हणे पूर्वी नजर पोचेल तिथवर गवतच होतं. आता बराचसा मका आणि सोयाबीन. जे गवत उरलंय त्याच्यासाठी लोक जीव टाकतात. कोणत्या कुरणात कोणता पक्षी परतला, कुणी आपलं रान नांगरायचं थांबवलं, नवं फुटावं म्हणून जुनं गवत वसंतात कधी पेटवायचं, याच्या बातम्या होतात आणि माणसं न्याहारी थांबवून त्या ऐकतात. ती मला त्या पाठवायची. मी ऐकायचो. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की विट्याच्या पलीकडे आपल्याकडेही गवताचे माळ पसरलेत आणि त्यांच्याविषयी आमच्या दैनिकात आजवर एकच बातमी आली, तीसुद्धा तिथे ट्रक उलटला म्हणून.

आमचे संपादक दादासो यांच्याकडे मी सदर मागितलं. तोवर माझ्याकडे बाजारभाव आणि निधनवार्ता ही दोन खाती होती. दादासोंनी बराच विचार केला, सोफासेटच्या जाहिरातीखाली एक पट्टी रिकामी राहत होती ती दाखवली आणि म्हणाले, घे, इथं तुझं गवत लाव. अशा रीतीने जिल्ह्याची पर्यावरण पत्रकारिता सोफ्याखाली सुरू झाली. मी चंडोलावर लिहिलं, लांडग्यावर लिहिलं, कुसळी गवतावर तर दोन भागांत लिहिलं. प्रतिक्रिया एकच आली. सोफ्याच्या दुकानदाराने विचारलं की आमच्या जाहिरातीखाली लांडगा का.

आता नाथाजीशेठ. खडेवाडीचे. तरुणपणी गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान टाकायला कोइमतूरला गेले, जम बसवला आणि उतारवयात गावाला काहीतरी करून दाखवायचं म्हणून परतले. माणूस सोन्यासारखा. (त्यांच्या धंद्यात ही उपमा फार जपून वापरतात म्हणे, पण मी तपासून वापरतोय.) त्यांना गावाचा उघडा माळ बघून लाज वाटायची. कोइमतूरचे पाहुणे आले की ते त्यांना माळाच्या बाजूने आणायचेच नाहीत, वळसा घालून आणायचे. तर त्यांनी ठरवलं की सगळ्या माळावर जेसीबीने खड्डे घ्यायचे आणि झाडं लावायची. करंज, चिंच, कडुलिंब. झाडं चांगलीच होती. मी त्यांना जाऊन सांगितलं की शेठ, हा माळ ओसाड नाही, गवत हेच इथलं रान आहे, खड्डे घेतले तर गवत जाईल, आणि गवतात जमिनीवर घर करणारी पाखरं जातील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा पाजला, दुसरा पाजला, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुमी एवढं जीव लावून बोलताय, मग कार्यक्रमाला तुमीच पाहुणं म्हणून या.” दोन दिवसांनी विट्याच्या चौकात फ्लेक्स लागला. झाडं लावणाऱ्या मंडळींमध्ये वरच्या ओळीत माझा फोटो, खाली ‘पर्यावरणतज्ज्ञ’. मामा, ज्या माळासाठी मी लिहीत होतो तो खणायच्या कार्यक्रमाचा मी प्रमुख पाहुणा झालो. त्या फ्लेक्सखालून जाताना मी हेल्मेट घालायला लागलो, आणि आईला वाटलं पोरगं सुधारलं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी माळावर गेलो. म्हटलं, डोळे भरून बघून घ्यावा. खरं सांगतो, मला रडू येत होतं. माळाच्या मधून एक कोरडा ओढा जातो, तिथेच मांडव पडायचा होता आणि पहिला खड्डा घ्यायचा होता. मी ओढ्याच्या वाळूतून चाललो तर पायाजवळून माळटिटवी उठली. काळी टोपी घातलेली, चोचीपाशी पिवळी झालर असते ती. ती मला लांब नेऊ बघत होती, पंख पाडून लंगडत होती, ओरडत होती. मी खाली पाहिलं. वाळूत एक खळगा, भोवती खडे, आणि मधोमध त्या चार वस्तू.

मामा, आपल्या घरात तो शब्द उच्चारत नाहीत आणि हे पत्र तुम्हाला मामी वाचून दाखवणार, म्हणून मी ‘त्या वस्तू’ असंच लिहिणार आहे. पाखरू ज्यातून बाहेर येतं ती वस्तू. आपण समजून घ्या. जन्मात ती वस्तू ज्याने जवळून पाहिली नव्हती, त्या जैनाच्या पोराने वाळूत पालथं पडून तिचे फोटो काढले, तेही चारी बाजूंनी.

दादासोंनी फोटो पाहिला आणि त्या दिवशी दुसरी बातमी नव्हती म्हणून थेट पहिल्या पानावर लावला. ‘ओढ्यातल्या टिटवीच्या घरट्यावर उद्या कुदळ’ असा मथळा. मी सगळा जीव ओतून लिहिलं होतं. घरी आईने पेपर उघडला, लगेच मिटला, चिमट्याने उचलून बाहेर कट्ट्यावर ठेवला आणि माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही. ते चार रंगांत छापलेलं घरात आणायचं नाही, असं तिने शेजारणीकरवी मला कळवलं.

कार्यक्रमाच्या सकाळी खडेवाडीला पोचलो. वाटलं, नाथाजीशेठ आता फ्लेक्ससकट मला खड्ड्यात लावतील. तर मांडवात कुणीच नव्हतं. सगळं गाव ओढ्यात, घरट्यापासून चार हात लांब उभं. मधोमध शेठच्या चुलती राहीबाई, हातात माझा पेपर. मला बघताच म्हणाल्या, “ह्ये तुमीच छापलंय न्हवं? वड्यातच हाय न्हवं ही जागा?” मी म्हटलं, होय, ओढ्यातच. त्या शेठकडे वळल्या. “आयकलंस न्हवं, नाथा? टिटवीनं वड्याच्या तळाला घर केलंय. औंदा पाऊस न्हाई.”

तुम्हाला हे सांगायला नको, तुम्ही स्वतःच दरवर्षी बांधावर टिटवी कुठे बसली ते बघत हिंडता. टिटवी उंचावर बसली की पाऊस मोठा, खाली बसली की पाऊस खोटा. गावात चर्चा झाली. पाऊस नसेल तर रोपं करपणार, करपली तर कोइमतूरचे पाहुणे हसणार, आणि फ्लेक्सवर फोटो असलेले सगळे करपलेल्या रोपांच्या शेजारी वर्षभर उभे राहणार. शेठ घाबरले. जेसीबी परत पाठवला. कार्यक्रम पुढे ढकलला.

इथे माझी पंचाईत झाली. मी विज्ञान मानणारा माणूस. पाखराला पावसाचं कळतं याला पुरावा नाही, हे गावाला समजावून सांगणं माझं काम. मी तोंड उघडलं. समोरून जेसीबी उलटा वळून विट्याच्या रस्त्याला लागत होता. मी जांभई दिली आणि तोंड मिटलं.

पण चैन नव्हतं. पाऊस आला असता तर कार्यक्रम पुन्हा लागला असता, आणि त्याआधी ओढा वाहिला असता तर ते घरटं गेलं असतं. म्हणजे जिल्ह्यात प्रत्येक माणूस पावसाची वाट बघत होता आणि मी एकटा रोज सकाळी उठून आभाळ कोरडं बघून खूश होत होतो. बाजारभावाच्या पानावर मला शेतकऱ्यांची काळजी लिहायची असायची, ती मी मान खाली घालून लिहायचो. ब्राह्मी तिकडून विचारायची, निघाली का पिल्लं? मी म्हणायचो, नाही. आई दाराआडून विचारायची, ‘त्यांचं काय झालं?’ आणि मी काय ते समजायचो. शेवटी ती त्यांच्यासाठी देवळात जाऊन आली.

निघाली, मामा. चारही. रंगाने वाळूसारखी, पाय नुसत्या काड्या. दुपारपर्यंत ती टिटवीमागे ओढ्याचा काठ चढून वर गवतात गेली आणि मला पुन्हा दिसली नाहीत. मी तिथे एकटाच टाळ्या वाजवत उभा होतो. आणि त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. असा कोसळला की खडेवाडीचा ओढा दोन्ही काठ भरून वाहिला.

आता गाव माझ्यावर उलटणार हे उघड होतं. पेपरात छापून कार्यक्रम बुडवला, पाऊस तर धो धो. पंधरा दिवसांनी शेठचा फोन आला, “याच तुमी.” गेलो. शेठ माळावर उभे होते. आख्ख्या माळावर गवत उठलं होतं, त्यात पिवळी-जांभळी फुलं, धनगरांची मेंढरं, वर चंडोल गात होता. शेठनी वाकून एक फूल न्याहाळलं. मग म्हणाले, “ल्हानपनी ह्येच व्हतं बगा हितं. मी कोइमतूरला जाऊन इसरलो.” मी जपून म्हटलं, पण शेठ, टिटवीचा अंदाज चुकला. तेवढ्यात मागून राहीबाई कडाडल्या. “चुकला? पोरं भिजली का तिची? न्हाई न्हवं? मग? पाऊस पोरांच्या मागनंच येनार हे तिला ठावं व्हतं. लय शानं पाखरू. नाथा, तिची जागा हाय ती, तितं खड्डा मारशील तर बघ.” शेठ म्हणाले, काकी, मी कुठं मारतोय.

माळ वाचला. माझ्या कुसळीवरच्या दोन भागांनी नाही, एका खळग्याने आणि राहीबाईंनी वाचवला, पण वाचला. फ्लेक्स उतरला. मी हेल्मेटशिवाय विट्यातून फिरलो आणि पोलिसांनी पकडलं, तरी हसत होतो.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
अतिशय

ता. क. शेठची रोपं पोत्यांत तशीच उभी आहेत. माळावर लावायची नाहीत, टाकायची तर पाप. मी त्यांना म्हटलं, आष्ट्याला माझे मामा आहेत, त्यांना झाडांचं फार वेड. टेम्पो परवा सकाळी पोचेल, फाटक उघडं ठेवा. तुम्ही गेल्या वर्षी उसावर सावली पडते म्हणून बांधावरची बाभळ तोडली, ते मी शेठना सांगितलेलं नाही.

ता. ता. क. राहीबाईंच्या बोलण्यावर मी सदरात लेख लिहिला आहे. पाखराच्या जागेचा आणि पावसाचा संबंध नाही, हे पुराव्यासह मांडलंय. सोफ्याखाली येईल, जरूर वाचा.

आणखी एक. काल पाहिलं तर आमच्या छापखान्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खडीत, लाल गालाची टिटवी बसली आहे. तिसऱ्या मजल्यावर. त्या चार वस्तू मी स्वतः पाहिल्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे तुम्ही जाणताच. तरी मामा, पत्र मिळताच नदीवरची पाण्याची मोटर वर काढून घ्या.