दुसरा बिल्ला

प्रिय आचारीबुवा,

मंगळवारी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, देवापुढे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभा राहिलो आणि बायकोला बाजारात जातो असं खोटं सांगून बाहेर पडलो. कुठे गेलो ते शेवटी सांगतो. तुझ्याच शब्दांत सांगायचं तर, आधी शिजू दे.

वहिनी फोनवर म्हणाल्या, हे आता डाव्या हाताने कांदा चिरतात, ओरडणं मात्र दोन हात असल्यासारखंच आहे. ऐकून बरं वाटलं. माझं म्हणशील तर गोदामातले पंप दुरुस्त करतो, पाय जमिनीवर आहेत. फक्त बंद दार सोसत नाही. न्हाणीघराचीही कडी लावत नाही. मुलगी म्हणते, बाबा, निदान गाणं तरी म्हणा, आत कुणी आहे हे कळू दे. मी आपला मोठ्याने स्तोत्र म्हणतो आणि बाहेर सगळे हसतात.

जहाजावर समुद्री चाच्यांपासून लपायच्या सरावाची शिस्त तुला आठवतच असेल. भोंगा झाला की जिन्याजवळच्या फळीवरून प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला उचलायचा, खाली सुकाणूच्या खोलीत जाऊन आतल्या खिळ्यांवर लावायचा. वीस बिल्ले झाले की पोलादी दार बंद. तू कधी आलास सरावाला? पातेलं उतू जाईल, माझा बिल्ला तूच लाव, तुला वरची साय देतो, असं म्हणायचास. चार वर्षं मी दोन बिल्ले लावले आणि साय खाल्ली. कप्तानाने कधी डोकी मोजली नाहीत, पितळ मोजलं.

मग त्या दिवशी चाच्यांच्या दोन होड्या आल्या. भोंगा झाला आणि माझ्या हाताने, मला न विचारता, दोन्ही बिल्ले उचलले. दार बंद झालं. दिवे घालवले. निम्मे सुकाणूच्या खोलीत, निम्मे त्याच दाराआड पलीकडच्या यंत्रांच्या खोलीत, आणि चाच्यांना जागा कळू नये म्हणून बोलायची बंदी. जो तो समजला, तू पलीकडे आहेस. कप्तानाने बॅटरीच्या उजेडात खिळे मोजले आणि युद्धनौकेला कळवलं, वीसच्या वीस आत. नौदलाचा नियम तुला ठाऊक आहे. सगळे आत असतील तरच कमांडो चढतात, मग बाहेर दिसेल तो चाचा. एकजण जरी बाहेर असला तर ते लांबूनच पाहत राहतात, बोलणी करतात, आणि बोलणी महिनोन्‌महिने चालतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्याकडे दुसरं काय होतं? आमचा शब्द.

तू कोठीत लपला होतास, त्यांनी तुला शोधून रांधायला बसवलं, हे मला नंतर कळलं. कमांडो आले तेव्हा तू हात वर करून धावत आलास, उजव्या हातात झारा होता. लांबून तो झारा कसा ओळखायचा? गोळी झाडणारा तो तरुण इस्पितळात तुझ्या खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा होता. तू त्याला म्हणालास, जेवलास का?

चौकशीच्या अहवालात मात्र लिहिलं गेलं, स्वयंपाक्याने बिल्ला लावला आणि शिस्त मोडून स्वतःच्या मर्जीने परत बाहेर गेला. बिल्ल्यांची पद्धत निर्दोष. तुझ्या नावाला बट्टा लागला, आणि इतर जहाजांवर आजही पितळच मोजतात. बिल्ला कुणी लावला हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू कधी विचारलं नाहीस. त्या न विचारण्यात मी दोन वर्षं कोंडून पडलो आहे.

पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. गोळीबाराच्या आधी तासभर, अंधारात खिशात काडेपेटी चाचपताना मला आठवलं की मी दोन बिल्ले लावले. कप्तान माझ्यापासून हातभर अंतरावर होता. वायरलेस चालू होता. सांगितलं असतं तर कमांडो आले नसते, आम्ही एकोणीस जण आज ना उद्या चाच्यांच्या हाती गेलो असतो, आणि तुझा हात शाबूत राहिला असता. मी देवाचं नाव घेत बसलो. चूक बिल्ल्याची होती, आचारीबुवा, तो तास मात्र माझा.

मंगळवारी मी त्याच चौकशीच्या कार्यालयात गेलो. दोन्ही गोष्टी सहीनिशी लिहून दिल्या. शेवटी हेही लिहिलं की यापुढे नौदलाने वर चढण्याआधी प्रत्येक माणसाचा आवाज वायरलेसवर ऐकावा, त्याचं नाव त्याच्याच तोंडून. कारकुनाने विचारलं, प्रती किती? मी म्हटलं, तीन. एक तुमच्याकडे, एक नौदलाकडे. तिसरी या पत्रासोबत आहे. आधी वहिनींना वाचून दाखव, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझाच,
पंपवाला