नातीसाठी विणलेलं पांघरूण

३ जून
आले बाई एकदाची! माकडांच्या या अनाथालयात मला स्वतंत्र खोली आहे. मोठी खिडकी, टेबल, स्वच्छ पलंग. काम काय, तर आई मेलेल्या पिलांना पाजायचं, छातीशी धरायचं. साठीला टेकलेल्या बाईला आणखी काय हवं? डॉक्टरीणबाईंनी हातमोजे दिले आणि ते काढायचे नाहीत, असं दटावलं. शाळेतल्या सिस्टर आठवल्या.

६ जून
चिंगी, माझ्याकडे सोपवलेलं पिलू, जेमतेम दीड महिन्याची. मांडीवरून उतरायला तयार नाही. तिला घेऊनच नातीचं पांघरूण विणते. सिस्टरांनी शिकवलेली शिंपल्यांची वीण अजून बोटांत आहे. हातमोजे घालून क्रोशाची सुई चालत नाही, म्हणून तेवढ्यापुरते काढते. पिंजरे धुणारा पहिलवान (वजन पंचेचाळीस किलो!) म्हणतो, आजी, ही आता तुमचंच आडनाव लावणार.

११ जून
पांघरूण झालं. एक कोपरा चिंगीने चोखून चिकट केला होता, त्यावर तिला भरवतो त्या पेजेची खपली धरली होती. नखाने खरवडली, नख दातांनी साफ केलं. धुतलं असतं तर वीण सैल पडली असती. तसंच लेकीला पाठवलं. नात दोन महिन्यांची झाली, अजून मांडीवर घेतलेली नाही.

१६ जून
चिंगी दूध घेईना. ओठ उलटून पाहिला, तर आत पांढऱ्या फोडांची रांग. एक फुटला, पू माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. सडक्या अंड्याचा वास. पहिलवान बादलीत ओकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणू आहे, माणसालाही होतो. स्पर्शातून, लाळेतून, खपल्यांतून, कपड्यांतूनसुद्धा. हातमोजे कधी काढले होते का, विचारलं.
कधीच नाही, म्हणाले.

१८ जून
चिंगी गेली. बाटलीच्या निपलला तिच्या ओठाची साल चिकटून राहिली. तिची फडकी जाळली. धुरालाही तोच वास.

१९ जून
नखाच्या कडेला फोड. जिभेखाली दुसरा. टोचला — तोच वास. ती पेज नव्हती. देवा, मी ते दातांनी —

२० जून
डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. खोलीबाहेर पडायचं नाही. लेक फोन उचलत नाही. सकाळपासून सतरा वेळा —

उचलला. मी ओरडले, पांघरूण जाळ. ती हसायला लागली. म्हणाली, अगं आई, तिला त्याच्याशिवाय झोप येत नाही, कोपरा चोखत पडते. धुतलंस का, विचारलं. म्हणाली, कशी धुऊ, त्याला तुझा वास —