जुना न होणारा कॉम्प्युटर आणि तुमचे बंधुराज

नोवी साद,
जानेवारीची अखेर

रादिवोय भाऊजी यांस,

तुमच्या स्पोमेंका वहिनीचा नमस्कार. तुम्ही, तुमचा रक्तदाब आणि मारिबोरची थंडी, या तिघांचं आपसात बरं चाललं असेल अशी आशा करते. माझी जाऊ मिर्याना देवाघरी गेल्यापासून तुम्ही कुणाचा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. लेक जेवायला नीट घालते ना? (घालत असणारच, पण तिच्या सुपात मीठ कमी असतं. माझं नाव सांगू नका.)

इकडे मी ठीक आहे आणि तुमचे थोरले बंधुराज सध्या ग्रीसमध्ये आहेत. घाबरू नका, आतल्या खोलीत बसूनच ग्रीसमध्ये आहेत. सगळं सविस्तर सांगते.

गेल्या वसंतात डॉक्टरांनी यांच्या छातीत पेसमेकर बसवला आणि ट्रकचं लायसन्स गेलं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. हा माणूस नुसता बाल्कनीत बसू लागला. सुबोटिका रोडवरून ट्रक गेला की आवाजावरून सांगायचा, "याचा क्लच गेलाय." मी भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत असायची, मला क्लचचं काय? जेवण निम्म्यावर आलं, आणि भांडण तर बंदच झालं. भाऊजी, इतक्या वर्षांच्या संसारात झिका माझ्याशी भांडला नाही असं प्रथमच घडत होतं, आणि मी खरी हादरले ती तेव्हा.

मग एके दिवशी हे तिहोमिरकडे गेले (तोच, आमच्या लग्नात अंगठ्या घरी विसरून आलेला) आणि तिथे त्यांनी कॉम्प्युटरवर ट्रक चालवण्याचा खेळ पाहिला. परत आले ते गाल लाल करून. "सीमेवर रांगेत ताटकळत ठेवलं हरामखोरांनी!" असं इतक्या आनंदानं सांगत होते की मला वाटलं राकिया जास्त झाली. त्या दिवशी सूप पातळ आहे म्हणून भांडलेसुद्धा. मी आत जाऊन डोळे पुसले आणि म्हटलं, घ्या तुम्ही कॉम्प्युटर.

पण घेणार कोण? तर झिका! "एकदाच घेईन, आणि तो जुना होता कामा नये," असा हुकूम निघाला. "आपला फ्रिज बघ. ज्या देशात बनला तो देश गेला, फ्रिज अजून चालतोय." झालं. संशोधन सुरू. तिहोमिर म्हणाला, प्रोसेसर भारी घे, बाकी काही बघू नकोस. दाताच्या डॉक्टरांनी, यांचा जबडा उघडा ठेवून, प्रोसेसरला काही अर्थ नाही, सगळी जादू ग्राफिक्स कार्डात असते, असं पटवलं (तोंडात कापूस असलेल्या माणसाला काहीही पटतं). खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही, त्याही म्हणाल्या की मेमरी दुप्पट घ्या, माझ्या भाच्याला पश्चात्ताप झाला. आणि दर वेळी सगळं ठरलं की कुठूनतरी बातमी यायची की याहून नवं कार्ड येतंय, थांबा. आत्ता घेणं मूर्खपणा, कारण नवं येतंय. नवं आलं की घेणं मूर्खपणा, कारण तेव्हा ते महाग. स्वस्त होईपर्यंत थांबावं तर तोवर ते जुनं! उन्हाळा गेला, पानं गळली, आणि हा माणूस परत बाल्कनीत. फक्त आता क्लचऐवजी कार्डांबद्दल बोलायचा.

शेवटी मीच कोट घातला आणि यांना दंडाला धरून बिल्याना नावाच्या बाईच्या दुकानात नेलं. तिथे यांनी ट्रक घ्यायला आल्यासारखी चौकशी मांडली. पंख्यात बोट घालून पाहिलं. पॉवर सप्लाय हातात तोलून "वजन बरं आहे" म्हणाले. मग विचारलं, "यातलं सगळ्यात आधी काय जुनं होतं?"

"काका, तुम्ही दुकानातून बाहेर पडेपर्यंत सगळंच," बिल्याना म्हणाली.

"मग पंधरा वर्षं टिकेल असं द्या."

"पंधरा वर्षं माझा नवरा टिकला नाही, कार्ड कुठून टिकणार!"

यांचा चेहरा असा पडला की मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, तुमच्याकडेच बघा. दात नवे, डाव्या डोळ्यातलं भिंग नवं, खुबा नवा, छातीत तर चक्क नवा पॉवर सप्लाय. तरी मी भांडते त्याच माणसाशी ना? सांगाडा दणकट घ्या, आतलं लागेल तसं बदलू."

बिल्याना म्हणाली, "काकू, हेच मी दिवसभर गिऱ्हाइकांना सांगते, पण कुणी ऐकत नाही." मग तिनं मोठी पेटी काढली, हवा खेळेल अशी, पॉवर सप्लाय गरजेपेक्षा थोरला, मदरबोर्ड असा की पुढे मेमरी वाढवता येईल आणि प्रोसेसर बदलता येईल, आणि कार्ड मात्र मधलंच, कारण तेच आधी बदलावं लागणार. यांनी मान डोलावली. पंखे मात्र निळ्या दिव्यांचेच हवेत म्हणून हटून बसले. (निळे का, ते विचारू नका. मी विचारलं, तर म्हणाले, "चालतात जास्त.")

आता खरी गंमत. सगळे भाग जेवणाच्या टेबलावर पसरले, आणि आपली स्लावा, घराण्याच्या संताचा सण, तोंडावर. संत निकोलाच्या सणाआधी पाणी मंत्रायला फादर वुकाशिन आले, तेव्हा पेटी उघडीच होती. प्रार्थना झाली, फादरनी तुळशीची जुडी पाण्यात बुडवली, घरावर शिंपडण्यासाठी हात उगारला, आणि तुमचे बंधुराज, पेसमेकर, खुबा सगळं विसरून टेबलावर पालथे पडले!

"झिका, हे काय? देवाच्या पाण्याला आडवा पडतोस?"

"फादर, माझ्यावर हवं तेवढं शिंपडा. मदरबोर्ड उघडा आहे!"

फादरनी शिंपडलं. यांची पाठ, टक्कल, सगळं पावन झालं. मग फादरनी हळूच विचारलं, "कार्ड कुठलं घेतलंस?" आणि पुढचा अर्धा तास दोघं पेटीत डोकं घालून होते. जेवणाचा मासा गार झाला.

मशीन पहिल्या फटक्यात चालू झालं. हे जुनं चामडी जाकीट घालून बसले, मला थर्मासात कॉफी भरायला लावली आणि शेजारी खुर्ची ओढली. "बस. तुला कधी नेलंच नाही." आम्ही ग्रीसला निघालो. भाऊजी, त्या रस्त्याबद्दल मी जन्मभर नुसतं ऐकलं होतं. डोंगरापलीकडे समुद्र दिसला तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं. चेहरा असा होता, जसा तुम्ही दोघं ट्रकच्या फेरीहून परत यायचात आणि मिर्याना नि मी फाटकात उभ्या असायचो तेव्हाचा. हे म्हणाले: "कॉफीत साखर कमी आहे."

तर असं सगळं छान आहे. काळजी नसावी. लेकीला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
स्पोमेंका

ता. क. या खेळात दोन माणसांना दोन गावांतून एकाच रस्त्यावर ट्रक चालवता येतात. तिहोमिर एकदा यांच्यासोबत गेला, पण हे म्हणाले, "त्याला पाठीमागे राहायचं कळत नाही. रादिवोयला कळायचं." मी आपलं सहज कळवतेय.

ता. क. २. सहज नाही. तिहोमिर शुक्रवारी मारिबोरला येतोय. त्याच्या गाडीत आमचा कॉम्प्युटर असेल. हे म्हणतात, तो जुना झाला, जागा अडवतो, तुम्ही ठेवलात तर उपकार होतील. तुम्ही कुणाकडून काही घेत नाही हे यांना माहीत आहे, म्हणून घरात सकाळपासून "जुना झाला, जुना झाला" असा घोष चाललाय. तुम्ही पण दाराशी "काय हे जुनाट खोकं!" असं थोडं कुरकुरा आणि आत घ्या. रविवारी जेवण झाल्यावर हे सुबोटिकाच्या नाक्यावर ट्रक घेऊन तुमची वाट बघणार आहेत.

ता. क. ३. काल यांनी स्वतःसाठी "नवा" मागवला. मी चोरून बिल्यानाला विचारलं. तीच पेटी, तोच बोर्ड, तेच मधलं कार्ड. पंखेसुद्धा निळेच.